मधल्या गड्याची शंभर वर्षे

तेल म्हणजे मूळचा तिळाचा रस. पण शेंगदाण्याचे तेल किंवा सरकीचे तेल म्हणताना आपण काही विसंगत बोलत आहो, असे आज कोणाच्या मनातही येत नाही. वस्तू बदलली, नाव मात्र मागे राहिले. असे मागे राहिलेले शब्द इतिहासाच्या अभ्यासकास फार उपयोगी पडतात. उठून गेलेल्या वस्तीचा पत्ता पुष्कळदा त्यांच्यावरूनच लागतो. फुटबॉलच्या खेळात असाच एक शब्द आहे. इंग्रज लोक ज्या खेळाडूस 'सेंटर-हाफ' म्हणत आले, तो शब्दार्थाने मधल्या फळीतला मधला गडी होय. परंतु इंग्लंडातील एखाद्या सामन्यात त्यास शोधू गेल्यास तो मैदानाच्या मध्यभागी सापडत नाही. तो आपल्याच गोलाच्या तोंडाशी, शेवटच्या बचावफळीत उभा असलेला दिसतो. हा गडी मधून मागे केव्हा गेला, त्यास कोणी नेले आणि तो गेल्यावर मध्ये जी जागा रिकामी पडली तिचे पुढे काय झाले, ह्या तीन प्रश्नांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे गेल्या शंभर वर्षांतील फुटबॉलच्या डावपेचांचा निम्माअधिक इतिहास आपोआप उलगडत जातो.

ज्या वाचकांस ह्या खेळाचा विशेष परिचय नसेल त्यांच्यासाठी जुनी मांडणी प्रथम सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संघातील अकरा जणांची रचना बहुतेक सर्वत्र एकाच साच्याची असे: एक गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीचे गडी. टोकाकडून पाहिले असता ही आकृती उलट्या ठेवलेल्या मनोऱ्यासारखी दिसे, म्हणून तिला 'पिरॅमिड' असेच नाव पडले. ह्या मनोऱ्याच्या ऐन मध्यावर सेंटर-हाफ उभा असे. प्रतिपक्षाच्या मधल्या आक्रमकाला अडविणे हे त्याचे काम, आणि चेंडू हाती आल्याबरोबर तो डाव्या-उजव्या बगलेकडे लांबवर धाडून आपल्या आक्रमणास आरंभ करून देणे हेही त्याचेच काम. सबंध सामन्यात त्याच्याइतके धावावे लागणारा दुसरा गडी नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मँचेस्टर युनायटेडचा चार्ली रॉबर्ट्‌स हा ह्या जागेचा आदर्श समजला जाई. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ही घडी विसकटली ती कोणा प्रतिभावंताच्या कल्पनेने नव्हे, तर नियमातील एका आकड्याच्या फरकाने. १८६६ पासून ऑफसाइडचा नियम असा होता की, पुढे असलेल्या खेळाडूकडे चेंडू मारला जाताना त्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले पाहिजेत. ह्या तिघांत गोलरक्षक बहुधा असेच. तेव्हा एका फुलबॅकने नेमक्या क्षणी दोन पावले पुढे सरकावे आणि आक्रमक नियमभंगात सापडावा, ही युक्ती बचावपटूंनी काढली. आणि ती फसली तरी दुसरा फुलबॅक मागे असल्यामुळे फारसे बिघडत नसे. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन ह्या विद्येत असा पारंगत होता की, त्याच्या नावाने प्रेक्षक बोटे मोडीत. शिट्टीवर शिट्टी, खेळ खुंटलेला आणि गोल दुर्मिळ, अशी अवस्था झाली. शेवटी १९२५ च्या जून महिन्यात 'तीन' ह्या आकड्याच्या जागी 'दोन' हा आकडा आला.

परिणाम तात्काळ दिसला. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील सर्व विभाग मिळून १९२४-२५ च्या हंगामात ४७०० गोल झाले होते. पुढच्याच हंगामात तितक्याच सामन्यांत ६३७३ झाले. आता पुढे सरकलेला फुलबॅक चुकला, तर आक्रमक आणि गोलरक्षक यांच्यामध्ये मोकळे मैदान तेवढे उरे. सेंटर-हाफ तर सवयीप्रमाणे मध्यावर, नाही तर त्याच्याही पुढे. घराचे दार उघडे टाकून मालक ओसरीच्या पलीकडे गेलेला, असा तो प्रकार होता.

३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलच्या मैदानावर आर्सेनल संघ शून्याविरुद्ध सात गोलांनी हरला. हर्बर्ट चॅपमन त्याच वर्षी ह्या संघाचा व्यवस्थापक म्हणून आला होता आणि चार्ली बुकन हा अनुभवी खेळाडू त्याने त्याच उन्हाळ्यात संडरलंडकडून घेतला होता. बुकनने आग्रह धरला की सेंटर-हाफला मागे घ्या. दोन फुलबॅकांच्या मध्ये त्यास तिसरा बचावपटू म्हणून उभा करा. न्यूकॅसलचा सेंटर-हाफ त्या सामन्यात मागे राहूनच खेळला होता, हे त्याने पाहिले होते. चॅपमनने ते मानले. जॅक बटलर मागे गेला आणि दोनच दिवसांनी त्याच संघाने वेस्ट हॅमला ४-० असे हरविले. मात्र हा सगळा चॅपमनच्या एकट्याच्या बुद्धीचा चमत्कार, असे जे पुष्कळदा लिहिले जाते ते खरे नव्हे. गरज सर्वांनाच एकदम जाणवली होती आणि त्याच हंगामात अनेक संघ त्याच दिशेने चाचपडत होते. चॅपमनचे श्रेय दुसरीकडेच आहे. सेंटर-हाफ मागे गेला की मध्यभागी भगदाड पडणार, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले आणि पाच आक्रमकांपैकी एकास लगेच मागे ओढले, पुढे दोघांस. त्यातून जी रचना स्थिरावली तिला इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून 'डब्ल्यू-एम' म्हणतात. १९२६ साली आलेला हर्बी रॉबर्ट्‌स ह्या रचनेतला मधला बचावपटू झाला. त्यास एकच आज्ञा होती: प्रतिपक्षाच्या सेंटर-फॉरवर्डला सोडायचे नाही आणि जागा सोडायची नाही. चॅपमन जानेवारी १९३४ मध्ये वारला, पण १९३१ ते १९३८ ह्या आठ वर्षांत आर्सेनलने पाच वेळा लीग जिंकली.

यशाचे अनुकरण होतेच. आणि अनुकरण करणारा दिसते तेवढेच उचलतो. इतर संघांनी हर्बी रॉबर्ट्‌स उचलला. मध्यभाग भरून काढण्याची चॅपमनची योजना त्यांच्या ध्यानात आली नाही. ठिकठिकाणी एकेक उंच, धिप्पाड गडी गोलापुढे खांबासारखा उभा राहिला. इंग्रजांनी त्यास 'स्टॉपर' म्हटले, आणि हा शब्द आपल्या देशातही रुजला. १९६२ साली जकार्तास सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील जर्नैलसिंगांस जुने शौकीन 'स्टॉपर' ह्याच नावाने ओळखतात. (गंमत अशी की, डोक्याला जखम झालेली असताना त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते आघाडीला खेळले आणि त्यांनी गोलही केला!) पण जो अडवितो आणि मग खेळही सुरू करून देतो, असा मधला गडी इंग्लंडच्या मैदानावरून नाहीसा झाला.

सर्व देशांनी मात्र हा मार्ग पत्करला नाही. इटलीच्या राष्ट्रीय संघाचा सूत्रधार व्हित्तोरिओ पोत्सो तरुणपणी इंग्लंडात राहिला होता आणि मँचेस्टर येथे वर उल्लेखिलेल्या चार्ली रॉबर्ट्‌सचा खेळ पाहून त्याच्या लांब पल्ल्याच्या फेकीवर लुब्ध झाला होता. आपला सेंटर-हाफ निव्वळ बचावपटू व्हावा, हे त्यास कधीच रुचले नाही. पण नियम तर बदललेला! त्याने तडजोड काढली. चेंडू प्रतिपक्षाकडे असेल तेव्हा ह्या गड्याने खाली उतरून फुलबॅकांच्या लगत पुढे उभे राहावे. चेंडू आपल्याकडे येताच मध्यावर येऊन तो वाटावा. ह्यासाठी त्यास मनुष्य मिळाला तो लुइस मोन्ती. हा अर्जेंटिनाचा. १९३० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो अर्जेंटिनाकडून खेळून हरला आणि १९३४ च्या अंतिम सामन्यात इटलीकडून खेळून जिंकला. दोन देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला तो एकमेव खेळाडू होय. पायाने तो मंद होता आणि खेळ त्याचा राकट, प्रसंगी दुष्टच. परंतु कोठे उभे राहावे, ह्याचे ज्ञान त्यास विलक्षण होते.

आज ज्यास आपण बचावात्मक मध्यरक्षक म्हणतो, त्याचा पहिला स्पष्ट नमुना मला मोन्तीमध्ये दिसतो. आणि त्या जागेचे मोल काय, ह्याचा एक प्रयोगच जणू १४ नोव्हेंबर १९३४ रोजी लंडनमध्ये झाला. जगज्जेता इटली आर्सेनलच्याच मैदानावर इंग्लंडशी खेळण्यास आला होता आणि इंग्लंडच्या अकरांत सात जण आर्सेनलचे होते. खेळ सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच मोन्तीचे पाऊल दुखावले. हाड मोडले होते. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळी नव्हती. तो काही वेळ लंगडत मैदानात राहिला आणि त्याच अवधीत, म्हणजे पहिल्या बारा मिनिटांत, इंग्लंडचे तीन गोल झाले. येथे थांबलो तर गोष्ट मोठी सोयीची होते: मधला खांब गेला आणि घर कोसळले. पण सामन्यास पुढे उत्तरार्धही होता. मोन्ती बाहेर गेला, त्याच्या जागी फेर्रारिसला मध्ये आणले, आणि दहाच गडी उरलेल्या इटलीने मेआत्साच्या दोन गोलांनी सामना ३-२ पर्यंत आणून इंग्लंडच्या तोंडचे पाणी पळविले. म्हणजे तोल गेला तो एका मनुष्याच्या जाण्याने नव्हे. ती जागा धड भरलेली नाही आणि धड रिकामीही नाही, अशा अवस्थेत राहिली म्हणून गेला. जागा भरताच, एक गडी कमी असूनही, तोल परत आला. माझ्या मते ह्या एका सामन्याच्या हकिकतीत ह्या विषयाचे अर्धे शास्त्र आहे.

शब्दाप्रमाणे आकड्याचीही साक्ष काढता येते. इंग्लंडच्या लीगमध्ये सदऱ्यावर आकडे घालणे १९३९ साली सक्तीचे झाले आणि ते जुन्या मनोऱ्याच्या क्रमाने दिले गेले. म्हणून सेंटर-हाफच्या वाट्यास पाच हा आकडा आला. गडी तोपर्यंत मागे गेलेला असल्यामुळे इंग्लंडात पाच हा आकडा बचावफळीत जाऊन बसला. अर्जेंटिनात मात्र गडी मध्येच राहिला होता. तेथे आजही नुसते 'पाच' म्हटले म्हणजे मैदानाच्या मध्यावरचा, बचावफळीच्या पुढचा गडी असाच अर्थ होतो. एकाच आकड्याच्या अशा दोन वाटा.

इंग्लंडातील रिकामी जागा किती मोठी झाली होती, हे कळण्यास १९५३ साल उजाडावे लागले. २५ नोव्हेंबर रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा हिदेगकुटी पाठीवर नऊ आकडा लावून, म्हणजे सेंटर-फॉरवर्ड म्हणून आला, पण पुढे न राहता तो मध्येच वावरू लागला. इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन मोठ्या पेचात पडला. त्याच्यामागे जावे तर गोलापुढची जागा उघडी पडते. न जावे तर तो मोकळा सुटतो. अठ्ठावीस वर्षे पाळलेली आज्ञा जेथे लागू पडत नाही, अशी वेळ त्याच्यावर आली होती. हिदेगकुटीने तीन गोल केले. वृत्तपत्रे त्याच्याविषयी आणि पुश्काशविषयी भरभरून लिहीत राहिली. पण हंगेरीच्या संघात झाकारियाश नावाचा एक गडी होता. हिदेगकुटी आणि बोझिक मोकळेपणाने पुढे जात, तेव्हा हा बचावफळीच्या पुढ्यात जवळजवळ जागच्या जागी असे. त्या सामन्याच्या वर्णनांत त्याचे नाव क्वचितच भेटते. पुढल्या मे महिन्यात बुडापेस्टला हाच सामना ७-१ असा झाला.

१९५८ साली ब्राझीलने विश्वचषक जिंकला, तोही असाच. इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर सोव्हिएट संघाविरुद्ध संघात जे बदल झाले, त्यांपैकी पेले आणि गारिंशा यांची नावे सर्वतोमुखी आहेत; त्याच दिवशी मध्यभागी झितो आला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, त्यात पोर्तुगालच्या युसेबिओवर पहारा ठेवणारा ठेंगणा, दृष्टीने अधू असा नॉबी स्टाइल्स होता. चाळीस वर्षांपूर्वी मागे नेलेला मनुष्य इंग्लंडने दुसऱ्या नावाने पुन्हा मध्यावर आणला, असेच म्हणावे लागेल.

आता अलीकडच्या उदाहरणाकडे वळू. रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी २००० सालापासून दरवर्षी जगातील एकेक कीर्तिमान खेळाडू विकत घेण्याचा सपाटा लावला: फिगो, झिदान, रोनाल्डो आणि २००३ च्या उन्हाळ्यात बेकहॅम. ह्याच संघात २००० पासून क्लोद मकेलेले हा किन्शासा येथे जन्मलेला फ्रेंच खेळाडू होता. तो गोल करीत नसे. लांब चेंडूही क्वचितच मारी. बगलेचा रोबेर्तो कार्लोस पुढे धावला की त्याने सोडलेल्या जागेकडे हा चार पावले सरके. झिदान पुढे गेला की हा मध्यावर येई. चेंडू हातचा गेला की प्रतिपक्षाच्या पहिल्या चालीच्या वाटेत हा आधीच उभा असे. त्याने चेंडू हिसकावला नाही तरी चालत असे. त्याने तीन-चार सेकंद विलंब लावला की तेवढ्यात बाकीचे परतत. संघाचा तोल म्हणतात तो ह्या तीन-चार सेकंदांत असतो. मागे आणखी एक बचावपटू वाढविला तर एकच गडी मागे राहतो. हा एक मध्ये असला तर दुसरे चौघे पुढे जाऊ शकतात. म्हणजे नावाने तो बचावाचा, पण फळ त्याचे आक्रमणास.

लग्नघरी कोठीच्या किल्ल्या ज्या आत्याबाईंच्या कमरेला असतात, त्या लग्नाच्या एकाही छायाचित्रात सापडत नाहीत. पंगत मात्र त्यांच्या जिवावर उठते. मकेलेलेने वेतनवाढ मागितली. मोठ्या नावांच्या मानाने त्याचे वेतन फारच कमी होते. ती नाकारली गेली आणि २००३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुमारे एक कोटी साठ लक्ष पौंडांस तो चेल्सी संघाकडे गेला. त्यास डोक्याने चेंडू मारता येत नाही, दूरवर देता येत नाही, अशा आशयाचे अध्यक्षांचे उद्गार त्या वेळी प्रसिद्ध झाले. ते उद्गार शब्दशः खोटे नव्हते. झिदानने मात्र, गाडीचे यंत्र काढून घेऊन वर सोन्याचा आणखी एक मुलामा चढविण्यासारखे हे आहे, अशा अर्थाची कोटी केल्याचे सांगतात.

पुढचा हंगाम सर्वांस ठाऊक आहे. २००४ च्या वसंतापर्यंत माद्रिद लीगमध्ये अग्रभागी होते. मग युरोपीय चषकातून मोनाकोने त्यांस बाहेर काढले, राजचषकाचा अंतिम सामना ते सारागोसाशी हरले, लीगमधील शेवटचे पाचही सामने गमावले आणि चौथ्या स्थानावर घसरले. आदल्या हंगामात ३८ सामन्यांत त्यांच्यावर ४२ गोल झाले होते, ते ५४ झाले. लीगचे विजेतेपद त्यांस २००७ पर्यंत मिळाले नाही. उलट चेल्सीने २००४-०५ मध्ये पन्नास वर्षांनी लीग जिंकली आणि ३८ सामन्यांत त्यांच्यावर अवघे १५ गोल झाले.

तथापि, १९३४ च्या त्या सामन्याने शिकविलेली सावधगिरी येथेही सोडता कामा नये. मकेलेले गेला त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक देल बोस्के यांस निरोप मिळाला होता आणि इएर्रो हा बचावफळीचा जुना कर्णधारही गेला होता. चेल्सीकडे मोरिन्यो आला होता आणि गोलरक्षक चेक होता. तेव्हा सगळे खापर एका विक्रीवर फोडणे हा अन्याय होईल. मकेलेलेच्या नावाने ह्या जागेस 'मकेलेलेची जागा' म्हणण्याची इंग्लंडात जी प्रथा पडली, तीही मला अनैतिहासिक वाटते. ती जागा मोन्तीची होती, झाकारियाशची होती, झितोची होती. माद्रिदच्या चालकांचा दोष इतकाच की, मनुष्य विकताना त्यांनी जागाही विकून टाकली. तेथे दुसरा फेर्रारिस उभा करण्याचे कोणास सुचले नाही, कारण तेथे काही होते हेच त्यांस दिसत नव्हते. गोलांची मोजदाद ठेवणाऱ्या वहीत त्या जागेस रकानाच नव्हता.

ह्या कथेस एक उत्तरभाग आहे. २१ नोव्हेंबर २०१५ रोजी माद्रिदच्याच मैदानावर बार्सिलोनाने रेआलला ४-० असे हरविले. त्या दिवशी संघात झाडून सारे आक्रमक होते. कासेमिरो हा ब्राझीलचा मध्यरक्षक मात्र बाहेर बाकावर बसला होता. जानेवारी २०१६ मध्ये प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक झिदान होता. २ एप्रिल रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर पुन्हा गाठ पडली तेव्हा बार्सिलोना सलग ३९ सामने अपराजित होते. झिदानने त्याच आक्रमकांच्या पाठीशी, बचावफळीच्या पुढ्यात, कासेमिरोस उभे केले. माद्रिदने सामना २-१ असा जिंकला. गोल बेन्झेमा आणि रोनाल्डो यांच्या नावावर लागले. मे महिन्यात त्यांनी युरोपीय चषक जिंकला, तो २०१७ आणि २०१८ मध्येही राखला, आणि त्या तिन्ही अंतिम सामन्यांत कासेमिरो आरंभापासून मैदानात होता.